मऊ तोंडाचं कव्हर

गणराज फिटरनं कमरेचा पट्टा सोडला, त्यातला हत्यारांचा पाऊच काढून टेबलावर टाकला आणि म्हणाला, "ताई, तुमचा पाऊच आता मला गिळायला लागलाय."

"दोन वर्षांनी तक्रार घेऊन आलास होय," रुपाली हसली. "दाखव, काय झालंय?"

गणराजनं पक्कड घेऊन पाऊचमध्ये खुपसली. पकडीबरोबर पाऊचचं तोंडही आत गेलं. दात पडलेल्या म्हातारीचे ओठ आत जातात, अगदी तसं. त्यानं पक्कड बाहेर ओढून परत खुपसली. कड परत आत वळली आणि पकडीच्या दोन मुठींच्या मधे जाऊन बसली.

"घामानं पार मऊ पडलंय," तो म्हणाला. "नवीन होतं तेव्हा कसं आ वासून राहायचं."

रुपालीचं हसू जागच्या जागी थांबलं. ती त्या आत वळलेल्या कडेकडं बघत राहिली. पकडीच्या मुठींमधली ती पोकळ जागा. पिस्तुलालाही तशी एक पोकळ जागा असते. तिच्यात चाप असतो.

"ताई? अहो, शिवताय ना? मला सेकंड शिफ्ट आहे."

"आजच्या दिवस खिशात घाल रे ती पक्कड," रुपाली म्हणाली आणि फोन शोधू लागली. फोन तिच्या हातातच होता.

कासारवाडी स्टेशनमागच्या गल्लीत तिचं हे दुकान होतं, दहा बाय बाराचं. भोसरीच्या वर्कशॉपांना लागणारे वेल्डिंगचे हातमोजे, चामड्याचे एप्रन आणि हत्यारांचे पाऊच ती पंधरा वर्षं शिवत होती. काम तिला तिच्या वडिलांनी, कोंडाजींनी, लातूरला असताना शिकवलं होतं. पण पिस्तुलाचं कव्हर शिवून मागणारा माणूस तिच्या दुकानात आला तो महिन्यापूर्वी, आणि पहिल्यांदाच. बबनराव त्यांचं नाव. चाकणच्या पुढं, आतल्या बाजूला त्यांचं गाव. शेतात कंपन्यांची गोदामं उभी राहिली, माणूस मोठा झाला, तसा परवाना काढून त्यांनी पिस्तूल घेतलं होतं. त्याच्याबरोबर आलेलं नायलॉनचं कव्हर मात्र त्यांच्या मनातून उतरलेलं. "गाडामालकाच्या कंबरंला चामडंच शोभतं, पोरी," ते म्हणाले होते. बैलगाडा शर्यतीत त्यांचा गाडा पळायचा, आणि गावची यात्रा तोंडावर आली होती.

रुपालीनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "काका, हत्यार माझ्या दुकानात एक मिनिटसुद्धा एकटं राहणार नाही. तुम्ही समोर बसायचं, मी माप घेणार, तुम्ही घेऊन जायचं." बबनरावांनी तिच्यासमोर पिस्तूल रिकामं केलं. तेव्हा नळीतूनसुद्धा एक काडतूस उडून टेबलावर पडलं होतं. ती दचकली, तसे ते हसले होते. "रिकामं हत्यार म्हंजे खेळणं. लॉक असतंय की त्याला." आणि मग माप घेऊन होईपर्यंत ते लॉक लावायला तीनदा विसरले होते.

पुठ्ठ्यावर काढलेल्या मापावरून तिनं सुताराकडून सागवानी ठोकळा करून घेतला. त्या ठोकळ्यावर ओलं चामडं दाबून, बांधून, दोन दिवस सावलीत वाळवलं. पिस्तुलाचा प्रत्येक उंचवटा चामड्यावर उमटला. इतकं देखणं काम तिच्या हातून कधी झालं नव्हतं. बबनराव न्यायला आले, त्यांनी हात घालून पाहिला आणि तोंड वाकडं केलं. "लई कडक हाय तोंड. बोट घासतंय. जरा मऊ कर."

आणि तिनं केलं. इथंच सगळं चुकलं. पंधरा वर्षं प्रत्येक फिटर, प्रत्येक वेल्डर तिला हेच सांगत आला होता, की ताई, तोंड मऊ ठेवा, हात सहज गेला पाहिजे. बबनरावांच्या तोंडून तेच शब्द आले आणि तिच्या हातांनी विचार न करता तेच केलं. रापी घेऊन कड पातळ तासली, तेल लावलं, अंगठ्यानं मळून मळून हातमोज्यासारखी मऊ केली. मग ठोकळा घालून पाहिला. ठोकळा लोण्यात सुरी जावी तसा गेला. जाणारच होता. चापाच्या जागी सुतारानं भोक पाडलंच नव्हतं, तिथं भरीव लाकूड होतं. आत वळलेली कड लाकडावर अडणार कुठं?

त्याला चार दिवस झाले होते. आज यात्रा होती.

तिनं बबनरावांना फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. परत लावला, परत तेच. तिसऱ्यांदा लावायच्या ऐवजी तिनं वडिलांना फोन केला. कोण जाणे, तिचं भय खोटं असेल. तसं कुणीतरी म्हणायला हवं होतं.

"आबा, पोलिस लाईनीत तुम्ही पिस्तुलाची कव्हरं शिवायचात ना?"

"शिवायचो की. काय करलालीस गं सकाळी सकाळी?"

"त्यांच्या तोंडाला काय द्यायचात?"

कोंडाजी प्रश्नाला कधीच सरळ उत्तर देत नसत. ती आठ वर्षांची असताना, हातात आरी धरायला शिकवतानाही नाही. ते उलटा प्रश्न विचारत आणि थांबत. "तू काय दिलंस?"

"काही नाही. कड तासली. तेल दिलं."

 "बरं. पिस्तूल आत घालताना माणूस कुठं बघतो? कव्हराकडं का समोर?"

"समोर."

"मग कड आत वळली तर त्याला कळंल का?"

"नाही."

"अन् ती आत वळलेली कड कुठं जाऊन बसंल?"

 समोर टेबलावर गणराजची पक्कड पाऊचमध्ये तशीच अडकलेली होती.

"वरून माणूस दाबत ऱ्हातो, अन् कड चाप ओढती," कोंडाजी हळू आवाजात म्हणाले. "म्हणून जनावराच्या पाठीच्या जाड चामड्याची दुहेरी पट्टी द्यावी लागती तोंडाला. तोंड मिटलं नाही पाहिजे. तुला हे शिकवायचं माझ्याकडनंच ऱ्हायलं, बाई. आता बोलत बसू नको. ऊठ."

ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. तिनं रापी कापडात गुंडाळून पिशवीत टाकली, गणराजला हातानंच जा म्हणून सांगितलं आणि शटर ओढलं.

नाशिक फाट्यापासून रस्ता भरलेला होता. भोसरीपर्यंत ती कशीबशी आली. मोशीला कंटेनर एकामागं एक उभे, आणि त्यांच्या मधल्या फटीतून दुचाक्या मुंग्यांसारख्या पुढं सरकत होत्या. एप्रिलचं ऊन हेल्मेटवर तापत होतं. तिला सारखं वाटत होतं, की आपल्याला हे ऊन लागतंय म्हणजे बबनरावांनाही लागत असेल. घाम येत असेल. तो घाम पट्ट्यावरून कव्हरात उतरत असेल, आणि पातळ तासलेली ती कड तासातासाला आणखी मऊ पडत असेल. गोळी सुटली तर खाली सुटेल, त्यांच्या मांडीतून. आणि मांडीशी कुणी उभं असलं तर?

सिग्नलला तिनं परत फोन लावला. या वेळी उचलला एका बाईनं. मागं भोंगा इतक्या जोरात चालला होता की तिचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

"मालक घाटात हायेत. फोन माझ्याकडं दिलाय. कोन बोलतंय?"

"मावशी, मी रुपाली, कासारवाडीहून. काकांचं चामड्याचं कव्हर शिवलं ना, ती. काकांना जरा..."

ती बोलता बोलता थांबली. काय सांगायचं? कव्हर काढून ठेवा? बबनरावांना असा अर्धा निरोप पोचला, तर ते काय करतील? हसत हसत पिस्तूल बाहेर काढतील, चार माणसांत उलटसुलट करून बघतील, आणि परत कव्हरात खुपसतील. तेच तर व्हायला नको होतं.

"थांब, जाऊन सांगती," त्या बाई, म्हणजे बबनरावांच्या बायको भागूबाई, म्हणाल्या.

"नको! मावशी, नको, काही सांगू नका. मी येतेय. त्यांची बारी कितवी आहे?"

"येकतिसावी. तू ये की, जेवायलाच ये!"

चाकणचा चौक ओलांडायला तिला पंचवीस मिनिटं लागली.

गावाच्या अलीकडच्या माळावर जीपा, टेम्पो आणि मोटारसायकली वेड्यावाकड्या लावलेल्या. पलीकडं घाट म्हणजे शर्यतीची चढाची धाव, आणि तिच्या दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती. भोंग्यावरचा माणूस श्वास न घेता बोलत होता. "बारी नंबर सत्तावीस, आली आली आली, घोडी पुढं, बैल मागं, अरं मालक कुठं गेला, मालक बैलांच्याबी मागं ऱ्हायला!" लोक खदाखदा हसले. रुपालीला त्या सगळ्यातला फक्त आकडा ऐकू आला. सत्तावीस.

भागूबाई सापडल्या त्या बैल आणलेल्या टेम्पोच्या सावलीत. साठीच्या, उन्हानं रापलेल्या, डोक्यावरचा पदर घट्ट. रुपालीनं त्यांना बाजूला घेतलं आणि पहिल्यापासून सांगितलं. काहीही गाळलं नाही. कड आपण मऊ केली हेही सांगितलं.  भागूबाईंनी तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला, पण तिला पिऊ न देताच विचारलं, "म्हंजी हात न लावता उडंल?"

"हात न लावता. फक्त आत घालताना."

"अन् ह्यो मानूस सकाळधरनं धा जनांना काढून दाखवतोय," भागूबाई म्हणाल्या आणि चालू लागल्या.

बबनराव घाटाच्या तोंडाशी उभे होते. पांढरा शर्ट गुलालानं माखलेला, वर बिनबाह्यांचं जॅकेट, आणि डाव्या हातावर त्यांची पाच वर्षांची नात तनुजा. आजोबांच्या पोटावरून ती उजवीकडं झुकली होती. जॅकेट वर करून तिनं कव्हराच्या तोंडाशी बोटं नेली होती. ती मऊ कड ती चिमटीत धरून ओढत होती, सोडत होती.

रुपालीला ओरडावंसं वाटलं, पण ओरडली असती तर बबनराव झटकन वळले असते, गर्दी अंगावर आली असती. ती जवळ गेली आणि शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाली, "काका, नमस्कार. माझ्या कामात एक चूक राहिलीय. जरा टेम्पोमागं येता?"

"आरं, कव्हरवाली आली!" बबनराव खूश झाले. "चूक कसली? चार दिस झालं घालतोय, लोन्यावानी चालतंय."

"घरपोच सर्विस हाय जनू," शेजारचा एकजण म्हणाला. "बबनआप्पा, माझ्या कंबरंचंबी माप द्या हिला!"

"तुला कंबर कुठं हाय, ज्योतीराम? समदं पोटच हाय," बबनरावांनी टोला दिला आणि सगळे हसले. हसताना त्यांचा उजवा हात सहज कमरेकडं गेला.

"तनू, हिकडं ये," भागूबाई म्हणाल्या. त्यांनी पोरीला आजोबांच्या हातावरून काढून घेतलं, ज्योतीरामच्या हातात दिलं आणि मग नवऱ्याकडं वळल्या. "अहो, ती पोर कासारवाडीपासनं ह्या उनाचं गाडी मारत आलीया. दोन मिंटं आयकून घ्यायला तुमचं काय जातंय?"

"माझी बारी..."

"तीन गाडं हायेत अजून मधी. चला."

टेम्पोमागं कडब्याचा ढीग होता आणि कुणी नव्हतं. बबनरावांनी रुपालीचं ऐकून घेतलं, पण त्यांचं अर्धं लक्ष भोंग्याकडं होतं. "आगं पन लॉक असतंय की. आन् आज यात्रा म्हनून आत गोळी ठेवलीच न्हाई म्या."

"मग काढून दाखवा. जमिनीकडं धरून."

त्यांनी आधी काडतुसांची पट्टी काढली. मग कंटाळल्यासारखी वरची पाटी मागं ओढली. नळीतून एक काडतूस उडालं आणि कडब्यात पडलं.  भागूबाईंनी खाली वाकून दोन मुठी कडबा बाजूला केला, ते पितळी काडतूस उचललं आणि नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात टाकलं.

"सकाळी काढल्यालं वाटलं व्हतं मला," बबनराव पुटपुटले.

"आता ते रिकामं आहे," रुपाली म्हणाली. "पुन्हा एकदा बघून घ्या. आणि तुम्ही रोज जसं घालता, तसं घाला."

त्यांनी घातलं. सुळकन गेलं. "बग."

"परत."

परत गेलं. "आता पटलं? उगा घाबरतीस."

रुपालीच्या कपाळावरून घाम ओघळत होता. क्षणभर तिला वाटलं, आपणच वेड्या झालो. आबाही चुकले असतील. मग तिच्या लक्षात आलं, की बबनराव दोन्ही वेळा मान खाली घालून, कड बोटानं सावरून पिस्तूल घालत होते. परीक्षा चालू आहे हे कळल्यावर माणूस जसा जपून वागतो, तसं. तिनं भागूबाईंकडं पाहिलं. भागूबाईंना ते तिच्याआधीच कळलं होतं.

"आनखी येकदा दावा," त्या म्हणाल्या. बबनरावांनी पिस्तूल बाहेर काढलं, पाटी ओढली, आणि ते आत घालू लागले तोच त्या एकदम ओरडल्या, "अहो! बैल सुटला!"

बबनराव गर्रकन वळले आणि मोकळा हात पुढं करता करता त्यांनी दुसऱ्या हातानं पिस्तूल कव्हरात दाबलं.

टक्.

आवाज केवढासा होता. भोंग्याच्या गोंगाटात तो ऐकूही यायला नको होता, पण तिघांनाही आला. बबनरावांचा हात पिस्तुलावर तसाच राहिला. बैल दाव्याला शांत उभे होते. बबनरावांनी हळूच मान खाली घालून पाहिलं. मऊ, तेलकट कड आत वळून चापापुढं बसली होती.

"लॉक लावलं होतं?" रुपालीनं विचारलं.

 बबनरावांनी डाव्या हाताचा पंजा स्वतःच्या मांडीवर ठेवला. मग तोच हात वर नेला, सकाळपासून तनुजा जिथं पाय सोडून बसली होती तिथं, आणि तो तिथंच राहिला.

"बारी नंबर एकोणतीस!" भोंगा ओरडला. "तीस आणि एकतीस, तयारीला लागा! बबनराव, कुठं दडून बसला?"

रुपालीनं हात पुढं केला. बबनरावांनी पट्टा सोडला, पिस्तूल काढून घेतलं आणि कव्हर तिला दिलं. तिनं पिशवीतून रापी काढली आणि तोंडापासून तळापर्यंत कव्हर उभं चिरून टाकलं.

"आगं ए!"

"उद्या तुम्ही म्हणाल, एवढ्या वेळापुरतं घालतो," ती म्हणाली. "मी शिवलंय, मीच फाडते."

आता पिस्तूल नुसतं हातात होतं. बबनरावांनी ते पँटच्या खिशाशी नेलं. "रिकामंच हाय. खिशात टाकतो, गाडा सोडून येतो. बारा सेकंदांचं काम."

"त्या गर्दीत?" भागूबाई म्हणाल्या. "पडलं, कुनी उचललं, मंग? तुमी तुरुंगात अन् आमी तुमच्या मागं मागं कोर्टात."

"मंग तू धर घटकाभर."

"परवाना तुमच्या नावाचा हाय. माझ्या न्हाई."

बबनराव घाटाकडं बघत राहिले. वर्षभर त्या बैलांना त्यांनी स्वतःच्या हातानं खुराक घातला होता. गाडा सुटताना मालक तिथं नाही, असं त्या गावात सहसा होत नसे. त्यांचं तोंड लहान मुलासारखं झालं. रुपालीला त्यांची दया आली, आणि तिनं मान वळवली, कारण त्या क्षणी ते काही बोलले असते तर ती कदाचित बरं म्हणून बसली असती.

"ओमला म्हनावं, गाडा तू सोड," शेवटी ते म्हणाले. ओम त्यांचा मुलगा. ते जीपमध्ये जाऊन बसले. पिस्तूल मांडीवर, वर जॅकेट टाकलेलं. काचा वर घेतल्या आणि आतून दारं लावली. भागूबाई घाटाकडं धावल्या. जाताना रुपालीला म्हणाल्या, "तू हलू नगंस हितनं. जीप घरी जाऊन हत्यार कपाटात बंद झाल्याबिगर हलू नगंस."

एकतिसावी बारी रुपालीनं पाहिली नाही. जीपच्या दाराला पाठ टेकून ती उभी होती. आरोळ्या उठल्या, धुरळा उडाला, आणि भोंगा किंचाळला, "बारा सेकंद नऊ पॉइंट! आजची सगळ्यात चांगली बारी! गाडामालक, गाडामालक कुठं आहेत?"

तिच्या मागं काचेवर टकटक झालं. बबनरावांनी बोटभर काच खाली केली होती. "किती म्हनला?"

"बारा सेकंद नऊ."

त्यांनी स्टिअरिंगवर मूठ आपटली, एकदा, दोनदा, आणि डोळे पुसले. तेवढ्यात गर्दीतून तनुजा सुसाट पळत आली. तोंडभर गुलाल. "आजोबा, आपन पयलं! आजोबा, दार उघडा!" ती दाराच्या कडीला लोंबकळली.

"तनू, जा. आजीकडं जा," आतून आवाज आला. "मी न्हाई येत भाईर."

"का पन?"

 पोरीचा ओठ थरथरू लागला. तिनं वर पाहून रुपालीला विचारलं, "आजोबा रुसलं का माझ्यावर?"

रुपाली खाली बसली आणि तिनं पोरीचे दोन्ही हात कडीवरून सोडवले. "नाही गं. त्यांच्याकडं एक वस्तू आहे. ती घरी ठेवून येईपर्यंत ते कुणालाच जवळ घेणार नाहीत. तुला तर नाहीच."

"कंची वस्तू?"

काचेच्या फटीतून बबनराव ऐकत होते. रुपालीनं त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली, सांग म्हणून.

"ये, माझ्यापाशी बस," ती म्हणाली. "सांगते."